घारापुरीचा सोमवार

मुंबईकरांना घारापुरी ठाऊक असते ती लेण्यांपुरती. गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास, 120 पायऱ्या, त्रिमूर्तीसमोर फोटो, उतरताना तिखट-मीठ लावलेली काकडी आणि उन्हं कलली की परत. माझी आत्या लग्न होऊन राजबंदरला गेली, त्यामुळे आमच्या घरात घारापुरी हे आधी आत्याचं गाव आणि मग लेणी. बेटावर तीन वस्त्या आहेत. लाँचचा धक्का आहे ते शेतबंदर, दक्षिणेकडे राजबंदर आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मोराबंदर. सगळी मिळून हजार-बाराशे माणसं. मुंबईच्याच बंदरात असूनही हे गाव जिल्ह्याने रायगडचं, तालुक्याने उरणचं. पर्यटकांसाठी तिथे मुक्कामाची सोय नाही. त्यामुळे शेवटची लाँच गेल्यावर बेट कसं असतं आणि तिथली माणसं स्वतःची सुट्टी कधी, कशी घालवतात, हे मुंबईत फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन आत्याकडे राहायला गेले, तेव्हाचं हे दिवसवार लिहिते आहे.

शनिवार, कार्तिक शुद्ध द्वादशी

आत्याचा फोन आदल्या रात्रीच आला होता. "बारस हाय, नवाला भरती. पयल्याच लाँचला बस." गेटवेच्या पायऱ्यांना पाणी भिडलेलं असलं की लाँचमध्ये पाय टाकणं सोपं जातं, एवढाच त्याचा अर्थ. पण बेटावर कुठलाही बेत असाच ठरतो. आधी तिथी, मग भरती, मग घड्याळ.

लाँचमध्ये चढताच लाइफ जॅकेट हातात मिळालं. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर याच पाण्यात नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 माणसं गेली. पर्यटक वर्षातून एकदा या वाटेने जातो, बेटावरची माणसं वर्षभर जात-येत असतात. माझी वहिनी, म्हणजे आतेभावाची बायको, तेव्हापासून जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितल्याशिवाय पोरांना जागेवर बसू देत नाही. मीही लेकीचे पट्टे दोनदा ओढून पाहिले.

डावीकडे जवाहर द्वीप मागे पडलं. तेलाच्या टाक्या, लांबलचक धक्के, टँकरना लावलेल्या नळ्या. जुनी माणसं त्याला अजून बुचर आयलंडच म्हणतात. कुरव पक्षी लाँचच्या मागे लागले होते आणि वरच्या मजल्यावरची मंडळी त्यांना कुरकुरे उडवत होती. ते मला आवडत नाही, पण लेक खूश होती.

खालच्या मजल्यावर इंजिनाजवळ वेगळंच जग होतं. थंड पेयांचे क्रेट, बटाट्याची पोती, बर्फाच्या लाद्या गोणपाटात गुंडाळलेल्या, पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे, एक नवी कोरी प्लॅस्टिकची खुर्ची. बेटावर मासे, थोडी भाजी आणि रानमेवा सोडला तर सगळं असंच पाण्यावरून येतं. घर बांधायचं तर वीट, वाळू, सिमेंटसुद्धा. प्रत्येक वस्तू होडीत चढवायची, उतरवायची आणि मग डोक्यावरून न्यायची. राजबंदरच्या एखाद्या साध्या पत्र्याच्या घराकडे बघताना हे लक्षात ठेवलं की ते घर फार मोठं वाटायला लागतं.

धक्क्यावर दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, उभा होता. आमच्यासाठी नाही, क्रेटसाठी. आम्हाला हात केला, "तुम्ही व्हा पुढे, आई वाट बघते," म्हणाला आणि माल उतरवायला धावला. शनिवार-रविवार म्हणजे गावाची सुगी. पावसाळ्यात समुद्र खवळला की गेटवेची लाँच बंद होते, मग दिवसचे दिवस गिऱ्हाईक नाही. ती कसर या थंडीच्या महिन्यांत भरून काढायची असते. त्यामुळे आम्ही आलो म्हणून कोणी दुकान बंद ठेवलं नाही, आणि तेच बरं वाटलं. पाहुण्यांसाठी हातचा धंदा सोडून बसलेलं घर फार अवघडून टाकतं.

राजबंदरला पोचेपर्यंत लाँचमधली गर्दी पार मागे राहिली होती. पायवाटेच्या कडेला खारफुटी, वर आंबा-चिंचेची झाडं, आणि एका वळणावर अचानक कोंबड्या, वाळत घातलेली जाळी, अंगणातली रांगोळी. आत्याने पाणी दिलं, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न केला, "भूक लागली का?" वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि भात. मासे उद्या, कारण आज संध्याकाळी तुळशीचं लग्न.

दुपारी तिने मला समुद्राच्या अंगाला नेलं. इथेच कुठेतरी एका अखंड काळ्या पाषाणातून घडवलेला मोठा हत्ती उभा होता. पोर्तुगीज आले ते राजबंदरच्या बाजूला उतरले, हत्ती बघितला आणि बेटाचं नाव एलिफंटा पाडलं. आत्याची सासू ती जागा दाखवायची आणि तिला तिच्या सासूने दाखवलेली होती. हत्ती कधीचाच नाही, पण जागा दाखवायची रीत सुटलेली नाही. "सोमवारी जाऊ आपन बगाला," आत्या म्हणाली. हत्ती मुंबईत राणीच्या बागेत आहे हे तिला माहीत होतं, पण गेली इतकी वर्षं जायचं राहून गेलं होतं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला शेवटची लाँच सुटते. त्यानंतर तासाभरात पायऱ्यांवरच्या दुकानांची ताडपत्री उतरते आणि माणसं आपापल्या वस्तीत परततात. आत्याच्या अंगणातल्या तुळशीला ऊस बांधला, चिंचा-आवळे-बोरं ठेवली, गेरू दिला. भाच्याने आणि माझ्या लेकीने अंतरपाट धरला, म्हणजे आत्याचा जुना पंचा. मंगलाष्टकं शेजारच्या आजोबांनी म्हटली, पोरांनी तुळशीपेक्षा एकमेकांवर जास्त अक्षता टाकल्या. एका अंगणातलं झालं की सगळे उठून पुढच्या अंगणात. शेवटच्या घरी पोचेपर्यंत पोरांच्या खिशांत चुरमुरे, बत्तासे आणि उसाच्या कांड्या दाटल्या होत्या.

अंगणात दिव्यांची माळ होती, विजेची. हे मी मुद्दाम लिहिते. घारापुरीला कायमची वीज आली 22 फेब्रुवारी 2018 ला, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. स्वातंत्र्याला 70 वर्षं उलटल्यानंतर. त्याआधी संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर चालायचा, तोही कधी डिझेल नाही म्हणून, कधी बिघडला म्हणून बंद. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनवरचे पांढरे दिवे, रात्रभर लखलखाट, आणि मध्ये हे गाव काळोखात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा रात्री दहानंतर बाळाला वारा घालत बसायची. आता तिच्या घरात फ्रिज आहे, आणि फ्रिजमध्ये सगळ्यात आधी काय ठेवलं, असं विचारलं तर ती म्हणते, "कोलंबी. दुसऱ्या दिवशी करायला." एवढ्या साध्या गोष्टीसाठी दोन पिढ्यांनी वाट पाहिली, याचा मला अजून राग येतो.

रविवार, त्रयोदशी

सकाळी आतोबा अंगणात दात घासत होते. त्यांना विचारलं, तुम्हाला भरतीची वेळ तोंडपाठ कशी? ते म्हणाले, पाठ करायचं काहीच नाही, हिशोब आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. आज तेरस. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. म्हणजे पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी, चारच्या आसपास, ओहोटीचा तळ. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. माझ्या लेकीने लगेच कालची बारस करून बघितली. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. शाळेत गुणाकार-भागाकाराचा कंटाळा करणारी ही मुलगी त्यानंतर दिवसभर तिथ्या सोडवत होती.

आठला सगळं घर पायऱ्यांवर. मी पूर्वी पर्यटक म्हणून याच पायऱ्या चढले आहे, पण दुकान लागताना कधी पाहिलं नव्हतं. आधी बांबूंवर निळी ताडपत्री ताणायची, कारण अकरानंतर ऊन थेट मालावर येतं आणि पॉलिश उडतं. मग फळीवर कापड. वजनदार दगडी मूर्ती कडेला, वाऱ्याने कापड उडू नये म्हणून. मण्यांच्या माळा दोरीवर, पण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर नाही, थोड्या खाली, मुलांचा हात पोचेल अशा. मुलाने हातात धरलं की आई थांबते, वहिनीचं म्हणणं. खायचं काही उघड्यावर ठेवायचं नाही, कारण माकडं. वहिनीच्या हाताशी एक वेताची काठी असते. ती मारायची नसते, नुसती जमिनीवर आपटायची. माकडाला तेवढं पुरतं, आणि पर्यटकांना मात्र हातातली बाटली लपवायला चारदा सांगावं लागतं.

भाचा सहावीत आहे. तो मराठीत माझ्याशी, घरात आगरीत, गिऱ्हाइकाशी हिंदीत आणि गोऱ्या पाहुण्यांशी इंग्रजीत भाव करतो. भाव सोडायचा कधी हे त्याला आजीने शिकवलंय: गिऱ्हाईक दोन पायऱ्या खाली गेलं की बोलवायचं, तीन गेल्यावर नाही. मला वाटलं होतं, मुलांना असं दुकानावर बसवतात म्हणजे त्यांचं बालपण जातं. दिवसभर शेजारी बसल्यावर वेगळंच दिसलं. आठ-दहा दुकानांची पोरं सगळ्यांचीच असतात. एक जेवायला गेला की दुसरा त्याच्या फळीवर नजर ठेवतो. गिऱ्हाईक नसलं की पायरीवरच गोट्यांचा डाव पडतो. मात्र दहावीनंतरच्या मुलांचं खरंच अवघड आहे. कॉलेज म्हणजे रोज समुद्र ओलांडायचा किंवा उरणला, मुंबईला कोणा नातेवाइकाकडे राहायचं. दादाची मोठी लेक उरणला मावशीकडे राहते. आजारपणाचंही तेच. वहिनीच्या दोन्ही बाळंतपणांत तिला महिनाभर आधी पलीकडे पाठवलं होतं, पावसाळा तोंडावर होता म्हणून.

दुपारी गर्दी थोडी ओसरल्यावर लेकीला लेण्यांत नेलं. लेण्यांवर सगळेच लिहितात, मी थोडक्यात सांगते. सहाव्या शतकातलं काम, 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत. आपण ज्याला त्रिमूर्ती म्हणतो तो सदाशिव, साधारण साडेपाच मीटर उंच. ब्रह्मा-विष्णू-महेश अशी तीन डोकी नाहीत, तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डाव्या हाताला अघोर, रागीट, हातात साप. उजव्या हाताला सौम्य, हातात कमळ. मधलं शांत. दादा लेकीला म्हणाला, आधी डावीकडच्या खांबाजवळून बघ, मग उजवीकडे जाऊन बघ, समोर शेवटी उभी राहा. तिने तसं केलं. समोर आल्यावर बराच वेळ बोलली नाही. बाकी पॅनेलांपुढे, रावण कैलास हलवतो तिथे, अंधकासुराच्या वधाजवळ, हात-पाय तुटलेले पाहून तिने विचारलं, कोणी तोडले? पोर्तुगीजांच्या काळात बरीच मोडतोड झाली, दादाने सांगितलं. त्याला ही मूर्ती न मूर्ती पाठ आहे. लहानपणी उन्हाळ्यात तो याच लेण्यांत येऊन झोपायचा, गार असतं म्हणून.

साडेतीनला आत्याने हाक मारली. "सुकती झाली, चला." पायऱ्यांवरचा धंदा वहिनी आणि दादावर सोडून आत्या, शेजारच्या दोन बायका आणि आम्ही पोरांसकट खडकांकडे निघालो. माझ्या मते त्या सगळ्या दिवसातला हाच खरा सहलीचा भाग होता, आणि बेटावरच्या बायकांचंही तेच मत आहे. काम असतं, पण कामात दुकानाची घाई नसते. पाणी इतकं आत गेलं होतं की सकाळी जिथे लाटा होत्या तिथे काळा चिखल आणि शेवाळलेले दगड उघडे पडले होते.

कालवं काढताना मी आत्याच्या शेजारी उकिडवी बसले. कालव म्हणजे दगडाला चिकटलेला एक खडबडीत, राखाडी, धारदार शिंपला. नवख्या माणसाला तो दगडच वाटतो. आत्याच्या हातात लाकडी मुठीचं टोकदार लोखंडी हत्यार. ती शिंपल्याच्या बिजागरीशी एक बारीक ठोका देते, फक्त एक. वरची झडप सुटते, ती टोकाने बाजूला उडवते, आणि खालच्या वाटीत ओलसर करडा-पांढरा गोळा दिसतो, काठाला काळी झालर. तो कापायचा नाही, खालून टोक फिरवून अलगद सोडवायचा, फुटला तर पाणी जातं आणि चवही जाते. मग थेट डब्यात, त्याच समुद्राच्या पाण्यात. खालची वाटी दगडावरच राहते, तिच्यावर पुढे नवीन कालवं धरतात. मी बोटं कापून घेऊ नयेत म्हणून तिने मला डबा धरायचं काम दिलं. तिचा हात थांबत नव्हता, ठोका, झडप, डबा, आणि तोंडाने सुनेच्या माहेरच्या लग्नाची गोष्ट चालू होती.

पोरं चिखलात निवट्यांच्या मागे. निवटी चिखलावरून उड्या मारत पळते, बिळात शिरते, आणि भाचा कोपरापर्यंत हात घालून तिला बाहेर काढतो. माझी लेक पोटरीपर्यंत रुतली, चप्पल हरवली, आणि घरी जायचं नाव घेईना. मधूनच आत्या मान वर करून पाण्याकडे बघायची. भरती परत फिरली की सगळ्यात आधी चिखलातल्या चरांतून पाणी सरकायला लागतं. तिला ते दिसलं तेव्हा मला काहीच बदललेलं दिसत नव्हतं. "उठा," ती म्हणाली, आणि पोरं एका शब्दात उठली.

रात्री कालवांचं कालवण. कांदा बारीक चिरून, आल्या-लसणाचं आणि कोथिंबिरीचं वाटण, आगरी मसाला, चिंचेचा कोळ. कालवं सगळ्यात शेवटी, दोन उकळ्या येईपर्यंतच, जास्त शिजली की रबर. निवट्या तळलेल्या. दादा आणि वहिनी दिवसभर उभे राहून आले होते, पण चेहरे खुलले होते, कारण रविवार संपला होता.

सोमवार, चतुर्दशी

सोमवारी लेणी बंद असतात. पर्यटक येत नाहीत, पायऱ्यांवर एकही ताडपत्री ताणलेली नसते. मुंबईचा रविवार असतो तो घारापुरीचा सोमवार. डॉक्टर, बँक, तहसील, नातेवाइकांच्या भेटी, मालाची खरेदी आणि पोरांना फिरवणं, हे सगळं आठवड्याच्या त्या एकाच दिवसात बसवायचं. मी आत्याच्या घरी जितक्यांदा गेले ती मुंबईकरांच्या सवयीने शनिवार-रविवार. त्यामुळे या माणसांना मी कायम कामातच पाहिलं होतं. सुट्टीतलं घर पहिल्यांदा पाहिलं.

पहाटेपासून गडबड. वहिनीने ठेवणीतली साडी काढली, केसांत अबोली माळली. पोरांना नवे कपडे, दिवाळीचेच. भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, डब्यात कालचा उरलेला फराळ. आतोबांनी रात्रीच हिशोब मांडला होता. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. सकाळी पाणी चढतं, जाताना काळजी नाही. पण दुपारी पावणेपाचला ओहोटीचा तळ, आणि पुनव तोंडावर असल्याने पाणी खोल उतरणार. मोरा बंदर गाळाने भरलंय, अशा ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, काही तास सेवाच बंद ठेवतात. (हे उरणजवळचं मोरा, बेटावरचं मोराबंदर वेगळं.) म्हणजे परतायचं तर दुपारी दोनच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर. "संध्याकाळीच," पोरं एका सुरात म्हणाली, आणि तसं ठरलं.

आठला आतोबांच्या होडीतून मोऱ्याला, होडी तिथे ओळखीच्यांकडे बांधून ठेवली, तिथून लाँचने भाऊच्या धक्क्यावर. मला ही वाट गेटवेपेक्षा जास्त आवडते. लाँचमध्ये उरणचे नोकरदार, कोळणींच्या टोपल्या, एक नवरा-बायको चार महिन्यांचं बाळ घेऊन. धक्क्यावर उतरलं की मासळीचा बाजार, बर्फाच्या गाड्या, चाळीस आवाज एकदम. आत्या त्या गर्दीतून जाताना प्रत्येक टोपलीत डोकावत होती आणि भाव ऐकून मान हलवत होती.

टॅक्सीने भायखळा. राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आधी पेंग्विन, कारण त्याशिवाय पोरं पुढे सरकायला तयार नव्हती. काचेपलीकडे हम्बोल्ट पेंग्विन पाण्यात सूर मारत होते. भाचा काचेला नाक लावून म्हणाला, "हे आपल्याकडच्या पाणकावळ्यासारखे बुडतात." खरोखरच तसंच होतं. मग वाघ, मग हरणं, मग आइस्क्रीम. झाडाखाली फडकं अंथरून जेवलो. आजूबाजूला कितीतरी कुटुंबं अशीच बसली होती, परळची, मदनपुऱ्याची, कुठली कुठली. त्यातलं एक कुटुंब समुद्र ओलांडून आलंय हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. वहिनी झाडाला टेकून बसली आणि म्हणाली, "कुणीतरी दुसऱ्यांनी विकलेलं खायला किती छान वाटतं." तिने अजून एक कुल्फी घेतली.

मग हत्ती. डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात तो उभा आहे. 1814 मध्ये त्याचं डोकं आणि मान तुटून पडली होती. पुढे 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि ते तुकडे इथे आले. नंतर ते जोडून हत्ती परत उभा केला. सांधे नीट पाहिले तर दिसतात.

मला वाटलं होतं, आत्याच्या डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. ती त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, पायांजवळ वाकून दगड बघितला. "आपलाच दगड," म्हणाली. राजबंदरच्या खडकाचा रंग तिला माहीत आहे, तिच्या बोलण्यात शंका नव्हती. मग आतोबा आणि दादा एका वेगळ्याच गोष्टीवर भिडले. हा धूड होडीत चढवला कसा? राजबंदरसमोर पाणी उथळ, साध्या भरतीला एवढ्या वजनाचं गलबत काठाला लागणार नाही. आतोबांचं म्हणणं, उधाणाची भरतीच साधली असणार, पुनव नाहीतर अवस. दादा म्हणाला, तुकडेच झाले होते, मग दोन-तीन खेपांत आणले असतील. आतोबा म्हणाले, खेपा केल्या तरी एकेक पाय बघ केवढा आहे, ओंडके लावून चिखलावरून ओढला असेल, आणि त्यासाठी ओहोटी लागते, भरती नाही. ओहोटीला आणून ठेवायचा, भरतीला तरंगवायचा. बराच वेळ हे चाललं. हत्तीच्या पायथ्याशी उभं राहून त्याच्या वजनाचा आणि तिथीचा हिशोब करणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. इतिहासाच्या पुस्तकात क्रेन मोडली एवढंच असतं. काठावरची माणसं त्यापुढचं बघतात.

लेकीने विचारलं, हत्ती मुळात तिथे उभा का केला असेल? कोणाला सांगता आलं नाही. आत्या म्हणाली, "बंदरात येणाऱ्याला लांबून दिसावा म्हनून." मला ते पटतं.

तिथून दोन वाटा. आत्या, आतोबा आणि पोरं बागेतच थांबली. दादा, वहिनी आणि मी अब्दुल रहमान स्ट्रीटला. वहिनीची खरेदी बघणं हे शिक्षण होतं. मण्यांची माळ हातात घेतली की ती आधी दोरा ओढून बघते, मग मणी ओठांजवळ नेऊन त्यावर फुंकर घालते, रंग उतरणारा असला तर ओलसर बोटाला लगेच कळतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत स्वस्त पितळी कड्या महिन्यात काळ्या पडतात, म्हणून कड्या नाहीत, दोरा. दुकानदाराला ती गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तो पर्यटकी भाव लावतो, तिचा अनुभव. पायऱ्यांवर आदल्या दिवशी दोन पायऱ्यांचा नियम चालवणारी बाई इथे स्वतः दुकानातून दोन पावलं बाहेर पडली आणि दुकानदाराने तिला परत बोलावलं.

तीन गाठोडी झाली. प्रत्येक गाठोडं आधी प्लॅस्टिकमध्ये, मग गोणपाटात, मग परत प्लॅस्टिकमध्ये, कारण होडीत पाणी येतंच. वहिनीने स्वतःसाठी काय घेतलं, तर एक मोठी चाळण आणि पोरीसाठी उरणला पाठवायचा स्वेटर.

सातला आम्ही सगळे भाऊच्या धक्क्यावर. पाणी परत वर आलं होतं. आत्याने लेकीच्या हातात निवट्यांचा डबा दिला, सुकवलेल्या, आणि मला म्हणाली, "पुढच्या येलेला शनवारी येऊ नको. रयवारी सांजला ये. सोमवार आख्खा तुझा." मी हो म्हणाले. शाळा उघडली की सोमवारची रजा काढावी लागेल, ती काढेन.

सव्वासातला लाँच सुटली. आम्ही डॉकयार्ड रोडवरून गाडी पकडली. घरी पोचून लेकीला अंथरुणावर टाकलं तेव्हा दादाचा मेसेज आला होता: पोहोचलो. पोरं होडीतच झोपली. माल सुका आहे.